फुर्टवेंग्लरच्या टेपा : एक सिम्फनी, तीन संध्याकाळी

ज्यांना पाऊण तास कानात इअरफोन घालून बसायला जमत नाही, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे या भागाचं हे लिखित रूप. बोलताना मध्येच शिट्टी मारणारा आमचा कुकर तेवढा काढून टाकलाय. बाकी बरंचसं जसं बोलले तसंच.

आधी एक कबुली. मी वेस्टर्न क्लासिकलची जाणकार वगैरे अजिबात नाही. गणपतीत चार वर्षं ढोल वाजवलाय आणि घरात कायम शास्त्रीय गाणं लागलेलं असायचं, एवढीच माझी शिदोरी. तर गेल्या पावसाळ्यात रात्री साडेअकराला एका मैत्रिणीची लिंक आली. खाली एवढंच लिहिलेलं, ‘हेडफोन लाव, लाइट बंद कर.’ बीथोवनची नववी सिम्फनी होती. आवाज जुना, थोडा खरखरीत, मागे लोक खोकतायत. मी म्हटलं पाच मिनिटं ऐकू आणि झोपू. पहिल्या भागात अर्ध्याच्या थोडं पुढे एक जागा येते. सुरुवातीला कुजबुजत आलेली गोष्ट तिथे परत येते, पण आता सगळा ऑर्केस्ट्रा पूर्ण ताकदीनं तुटून पडतो आणि टिंपनी, म्हणजे तांब्याच्या मोठ्या नगाऱ्यांसारखं वाद्य, असं काही कडाडतं की मी अंथरुणात उठून बसले. ढोल मी वाजवलाय, आवाजाची मला भीती वाटत नाही. पण हा आवाज वेगळा होता. दुसऱ्या दिवशी तेच मी स्पीकरवर लावलं तर आजी स्वयंपाकघरातून म्हणाली, ‘अगं, कोण कुणावर एवढं चिडलंय?’

मग मी तारीख बघितली. बर्लिन, मार्च १९४२.

आता जरा ती तारीख डोक्यात ठेवा. जानेवारी १९४२ मध्ये याच बर्लिनच्या एका उपनगरात, वान्झे इथे, नाझी अधिकाऱ्यांची ती बैठक झाली होती जिच्यात युरोपातल्या ज्यूंना संपवण्याच्या योजनेची कागदोपत्री आखणी झाली. त्याच्याही आधी, ऑक्टोबर १९४१ पासून, शहराच्या पश्चिमेच्या ग्रूनेवाल्ड स्टेशनवरून ज्यू कुटुंबांना भरून पूर्वेकडे गाड्या सुटत होत्या. आणि त्याच शहरात, सिम्फनीच्या शेवटच्या भागात, शंभरएक माणसांचा कोरस उभा राहून आनंदाचं गाणं म्हणतोय, ज्याचा सगळा आशय असा की माणसं एकमेकांची भावंडं होतील.

हे वाजवून घेणारा माणूस म्हणजे विल्हेल्म फुर्टवेंग्लर. आजचा भाग त्याच्यावर.

जन्म २५ जानेवारी १८८६, बर्लिन. वडील आडोल्फ हे नावाजलेले पुरातत्त्वज्ञ. लहानपण पुस्तकं, ग्रीक पुतळे आणि बीथोवन यांच्यात गेलं. स्वतःला तो शेवटपर्यंत आधी संगीतकार, म्हणजे रचना करणारा, समजत राहिला. जगानं मात्र त्याला कंडक्टर म्हणूनच ओळखलं. १९२२ मध्ये आर्थर निकिश वारला आणि बर्लिन फिलहार्मोनिक आणि लाइपझिगचा गेवांडहाउस, हे दोन्ही मोठे ऑर्केस्ट्रा छत्तीस वर्षांच्या या उंच, काटकुळ्या माणसाच्या हातात आले. एवढं पुरे. पुढचं महत्त्वाचं आहे.

बऱ्याच जणांचा प्रश्न असतो, की समोर उभा राहून काठी हलवणारा माणूस नेमकं करतो काय? ढोल पथकात वाजवलेल्यांना हे पटकन कळेल. तिथे ताशा इशारा देतो आणि पन्नास ढोल एका क्षणी बदलतात. तो क्षण स्पष्ट असावा लागतो, नाहीतर सगळा चिवडा. कंडक्टरचा हातही तसाच स्पष्ट पडावा अशी अपेक्षा असते. फुर्टवेंग्लरचा हात पडतच नसे. तो हवेत थरथरत खाली यायचा आणि नेमकं कधी वाजवायचं हे कुणालाच कळायचं नाही. वादक यावर विनोद करायचे, की काठी त्याच्या जाकिटाच्या अमुक बटणापर्यंत आली की आम्ही सुरू करतो. पण हे निव्वळ वेंधळेपण नव्हतं. वादकांनी त्याच्याकडे बघून टाळी मारल्यासारखं एकदम न वाजवता एकमेकांचं ऐकत सुरात शिरावं, असं त्याला हवं असायचं. त्यामुळे त्याच्या ऑर्केस्ट्राचा आवाज सुरू होत नाही, उगवतो. पहिल्यांदा ऐकताना वाटतं काहीतरी चुकलं. दुसऱ्यांदा ऐकताना बाकीच्यांचं कोरडं वाटायला लागतं.

बर्लिन फिलहार्मोनिकचा टिंपनीवादक वेर्नर टेरिशेन याची एक आठवण फार प्रसिद्ध आहे. दुसराच कुणी कंडक्टर तालीम घेत होता, टेरिशेन आपल्या पानावर नजर ठेवून बसला होता, आणि एकदम सगळ्या ऑर्केस्ट्राचा आवाज बदलला, भरून आला. त्यानं मान वर करून पाहिलं, तर हॉलच्या दारात फुर्टवेंग्लर येऊन उभा राहिला होता. नुसता उभा. खरं-खोटं टेरिशेनलाच माहीत, पण ज्यांनी एखाद्या मैफलीत मोठे बुवा मागे येऊन बसल्यावर गाणाऱ्याचा सूर सावध झालेला पाहिलाय, त्यांना हे अशक्य वाटणार नाही.

दुसरी गोष्ट लयीची. तो एकच लय धरून चालत नाही. एखादा शांत भाग आला की लय ऐसपैस होते, वादळाकडे जाताना ती नकळत वाढत जाते, आणि पुढे कुठे पोचायचंय हे त्याला पहिल्या सुरापासून ठाऊक असतं. आता अशा माणसाला तुम्ही सांगा, की दर चार मिनिटांनी थांब.

कारण तेव्हाचं रेकॉर्डिंग म्हणजे तेच होतं. अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांची तबकडी, मोठ्या आकाराची असली तरी एका बाजूला चार, फार तर साडेचार मिनिटं. आपल्याकडे त्याच काळात बुवा-बाईंना अख्खा राग तीन मिनिटांत बसवावा लागत होता, ती हीच तबकडी, आणि काही वेळा शिक्काही तोच, भोंग्यासमोर बसलेला कुत्रा. बीथोवनची पाचवी सिम्फनी साधारण पस्तीस मिनिटांची. म्हणजे आठ-नऊ बाजू. वाजवा, लाल दिवा विझेपर्यंत थांबा, मेणाची नवी तबकडी चढवा, पुन्हा तीच तार, तोच ताण पकडून सुरू करा. मधे कुणी खोकला तर ती बाजू वाया. १९२६ मध्ये त्यानं पहिल्यांदा अशी पाचवी रेकॉर्ड केली, १९३७ मध्ये एचएमव्हीसाठी परत केली, १९३८ मध्ये त्चायकोव्स्कीची सहावी केली. चांगल्या आहेत, त्चायकोव्स्की तर फारच. पण त्याला हा प्रकार मनापासून आवडायचा नाही आणि ते ऐकू येतं.

इथे मला राजकारणाकडे वळावंच लागेल. (ज्यांना फक्त गाणं ऐकायचंय त्यांनीही हा भाग गाळू नका, नंतर संदर्भ लागणार नाही.)

१९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला. ब्रूनो वाल्टर, ओटो क्लेम्पेरर हे ज्यू कंडक्टर देश सोडून गेले. एप्रिल १९३३ मध्ये फुर्टवेंग्लरनं गोबेल्सला जाहीर पत्र लिहिलं, ते वर्तमानपत्रात छापून आलं. त्यातला मुद्दा असा, की कलेत भेद करायचाच तर चांगली आणि वाईट कला एवढाच करा, ज्यू आणि बिगरज्यू असा नको. धाडस होतंच. पण पत्र नीट वाचलं तर एक अडचण दिसते. तो सगळ्या ज्यूंसाठी नव्हे, चांगल्या ज्यू कलावंतांसाठी बोलत होता. सामान्य, फारसं बरं न वाजवणाऱ्या ज्यू वादकानं कुठे जायचं, याचं उत्तर त्या पत्रात नाही.

त्याच वर्षी त्यानं ब्रोनिस्लाव हुबरमान या पोलंडच्या ज्यू व्हायोलिनवादकाला बर्लिनला वाजवायला बोलावलं. हुबरमाननं जाहीर नकार दिला. हे नाव लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

फिलहार्मोनिकमध्ये तेव्हा चार ज्यू वादक होते. शिमोन गोल्डबर्ग हा तर पहिल्या खुर्चीवरचा व्हायोलिनवादक, ऐन विशी-पंचविशीतला. फुर्टवेंग्लरनं त्यांना ठेवायची धडपड केली, पण एकेक करत सगळे गेले. १९३४ च्या शेवटी पाउल हिंडेमिट या संगीतकारावर नाझींनी बंदीची भाषा सुरू केली, तेव्हा फुर्टवेंग्लरनं त्याच्या बाजूनं वर्तमानपत्रात लेख लिहिला आणि गदारोळ झाल्यावर सगळ्या पदांचा राजीनामा दिला. वाह! इथे गोष्ट संपली असती तर आज त्याचे पुतळे असते. पण काही महिन्यांत, १९३५ मध्ये, तडजोड झाली आणि तो पाहुणा कंडक्टर म्हणून परत त्याच व्यासपीठावर उभा राहिला. १९३६ मध्ये न्यूयॉर्क फिलहार्मोनिकनं त्याला टोस्कानिनीची जागा देऊ केली. तिथे निषेध झाला, यानंही नाही म्हटलं. जायची दारं उघडी होती आणि तो गेला नाही, हा त्याच्यावरचा सगळ्यात मोठा आरोप.

तो पक्षाचा सदस्य कधीच झाला नाही. त्यानं ज्यू आणि इतर अडचणीतल्या लोकांसाठी शब्द टाकल्याच्या, त्यांना वाचवल्याच्या साक्षी आहेत. आणि त्याच वेळी तो जर्मनांनी व्यापलेल्या प्रागमध्येही जाऊन वाजवून आला. दोन्ही खरं आहे. टोस्कानिनीनं मात्र १९३३ मध्येच बायरॉइटच्या वाग्नर महोत्सवाला नकार कळवला होता. त्याच्या हिशेबात मधली जागाच नव्हती.

आता टेपकडे येऊ, कारण खरी गंमत (आणि खरी शोकांतिका) तिथे आहे.

१९३५ मध्ये एईजी या जर्मन कंपनीनं बर्लिनच्या रेडिओ प्रदर्शनात एक यंत्र मांडलं, मॅग्नेटोफोन. प्लास्टिकची फीत, तिच्यावर लोहाच्या भुकटीचा थर, आणि त्यावर चुंबकानं उमटवलेला आवाज. सुरुवातीला ते फार खरखरायचं. मग १९४० मध्ये जर्मन रेडिओतल्या वाल्टर वेबर या इंजिनियरच्या लक्षात आलं, की आवाजाबरोबर माणसाला ऐकूच येणार नाही इतक्या उंच कंपनाचा प्रवाह फितीवर सोडला की खरखर जवळजवळ नाहीशी होते. सेकंदाला सुमारे ७७ सेंटिमीटर वेगानं फीत पळायची, एका रिळात वीसेक मिनिटं. दोन यंत्रं आलटूनपालटून चालवली की कितीही मोठी मैफल न तोडता पकडता येते. चार मिनिटांची अट गेली!

युद्धानंतर जॅक मलिन हा अमेरिकन सैनिक यातली दोन यंत्रं सुटी करून घरी घेऊन गेला. युद्धात मध्यरात्री रेडिओवर जर्मन ऑर्केस्ट्रा ऐकताना त्याला कोडं पडायचं, की एवढ्या रात्री हे प्रत्यक्ष वाजवतायत की काय? रेकॉर्ड म्हणावी तर खरखर नाही. त्या दोन यंत्रांतून अमेरिकेतला टेप उद्योग उभा राहिला. आज आपण ज्याला स्टुडिओ रेकॉर्डिंग म्हणतो त्याची मुळं या नाझी रेडिओच्या खोलीत आहेत, हे मला पचवायला वेळ लागला.

तर हा मॅग्नेटोफोन घेऊन फ्रीडरिश श्नाप नावाचा ध्वनिमुद्रक फुर्टवेंग्लरच्या मैफली टिपत बसायचा. बर्नबुर्गर स्ट्रासवरचा जुना फिलहार्मोनी हॉल, समोर श्रोते, थंडीतला खोकला, आणि न थांबता वाहणारं संगीत. ज्याला चार मिनिटांच्या तुकड्यांचा तिटकारा, त्याला अखंड वेळ पकडणारं यंत्र मिळालं, आणि ते मिळालं ते असल्या काळात. मी ऐकलेली मार्च १९४२ ची नववी त्यातलीच. ब्रूनो किटेलचा कोरस आहे तिच्यात.

चार आठवड्यांनी, १९ एप्रिल १९४२ ला, परत नववी झाली. हिटलरच्या वाढदिवसाच्या आदल्या संध्याकाळी. गोबेल्सचं भाषण, मग बीथोवन. अशा कार्यक्रमांतून तो एरवी काहीतरी निमित्त काढून निसटायचा, असं त्याचे समर्थक सांगतात. या वेळी निसटला नाही. या मैफलीच्या शेवटाची फिल्म आहे आणि ती तुमच्या फोनवर दोन मिनिटांत सापडेल. हॉलभर स्वस्तिकाचे झेंडे. पहिल्या रांगांत गणवेश, जखमी सैनिक. फुर्टवेंग्लर वेड्यासारखा शेवटाकडे धावतोय. संगीत संपतं, टाळ्या, गोबेल्स पुढे येतो आणि हात वर करतो. फुर्टवेंग्लर वाकून हात मिळवतो. मग रुमाल हातातून फिरवतो.

या रुमालावर किती लिहिलं गेलंय म्हणून सांगू! कुणी म्हणतं, गोबेल्सचा स्पर्श पुसला. मी ती फिल्म तीनदा बघितली. घामाघूम झालेला माणूस रुमाल हातात धरून आहे, एवढंच मला दिसतं. आपल्याला तो पुसताना दिसावासा वाटतो, कारण संगीत आपल्याला आवडलेलं असतं.

३० जानेवारी १९४४ च्या रात्री बॉम्बहल्ल्यात तो फिलहार्मोनी हॉल गेला. ऑर्केस्ट्रा मग मिळेल तिथे वाजवत राहिला, ऑपेरा हाउस, थिएटर. डिसेंबर १९४४ मध्ये व्हिएन्नात बीथोवनची तिसरी, ‘एरोइका’, टेपवर आली. पुढे १९५३ मध्ये युरेनिया नावाच्या अमेरिकन कंपनीनं ती याला न विचारता बाजारात आणली. टेप जरा जास्त वेगानं फिरवल्यामुळे सगळीच पट्टी चढलेली. फुर्टवेंग्लर चिडून कोर्टात गेला. गंमत म्हणजे संग्राहक आजही ती जुनी ‘युरेनिया एरोइका’ शोधत फिरतात.

आणि २३ जानेवारी १९४५, आडमिरालपालास्ट, बर्लिन. रशियन फौजा सरकत येतायत. मोझार्टची चाळिसावी सिम्फनी चालू असताना वीज गेली. लोक उठून गेले नाहीत, अंधारात, कोट अंगावर घेऊन थांबले. तासाभरानं वीज आली तेव्हा मोझार्ट पुरा केला नाही, थेट ब्राम्सची पहिली सुरू केली. तिचा फक्त शेवटचा भाग टेपवर राहिलाय. माझ्या मते हे सतराएक मिनिटांचं तुकडं-रेकॉर्डिंग त्याच्या सगळ्या रेकॉर्डिंगमध्ये सगळ्यात भीतिदायक आहे. त्यानंतर तो व्हिएन्नाला गेला, तिथे मैफली केल्या, आणि फेब्रुवारीच्या सुरुवातीला सीमा ओलांडून स्वित्झर्लंडला पळाला. युद्ध संपायला तीन महिने असताना. आता बोला.

डिसेंबर १९४६ मध्ये बर्लिनमध्ये नाझीमुक्तीच्या न्यायमंडळासमोर त्याची चौकशी झाली. (यावर ‘टेकिंग साइड्स’ नावाचं नाटक आणि पुढे इश्त्वान साबोचा सिनेमा आहे. सिनेमा बघा, पण चौकशी करणारा तो अमेरिकन मेजर कल्पित आहे हे ध्यानात ठेवून.) तो सुटला. २५ मे १९४७ ला बर्लिनच्या टिटानिया-पालास्ट या सिनेमा थिएटरात तो परत उभा राहिला. सगळा बीथोवन : एग्मोंट, सहावी आणि पाचवी. याच मालिकेतल्या २७ मेच्या मैफलीची पाचवी मिळते. शहराचा ढिगारा झालेला, आणि आत हे.

यहुदी मेनुहिन त्याच्या बाजूनं उभा राहिला. स्वतः ज्यू, आणि युद्धानंतर लगेच छळछावणीतून सुटलेल्यांसमोर वाजवून आलेला माणूस. १९४७ मध्ये त्यानं फुर्टवेंग्लरबरोबर ल्युसर्नला बीथोवनचा व्हायोलिन कॉन्चेर्टो रेकॉर्ड केला आणि बर्लिनलाही वाजवलं. हाच मेनुहिन १९५२ मध्ये भारतात आला होता आणि पुढे रविशंकरांबरोबर वाजला. त्याच्यावर ज्यू समाजातून भरपूर टीका झाली. दुसऱ्या बाजूला १९४९ च्या सुमारास शिकागोच्या ऑर्केस्ट्रानं फुर्टवेंग्लरला बोलावलं, तेव्हा हॉरोविट्झ, रुबिनस्टाइन, हाइफेट्झ अशा कलावंतांनी कळवलं, की तो असेल तर आम्ही तिथे वाजवणार नाही. बेत रद्द झाला. आर्थर रुबिनस्टाइनचं पोलंडमधलं जवळपास सगळं कुटुंब मारलं गेलं होतं. मेनुहिन मोठ्या मनाचा आणि हे कोत्या मनाचे, अशी वाटणी काही जण करतात, मला ती अजिबात पटत नाही.

तिसरी संध्याकाळ : २९ जुलै १९५१. बायरॉइट. हिटलरचं लाडकं वाग्नरचं थिएटर युद्धानंतर पहिल्यांदा उघडलं, आणि उद्घाटनाला वाजवली नववीच. १९४२ ची ऐकून लगेच ही ऐका. तोच माणूस, तीच पानं. पण इथे राग नाहीये. तिसरा, संथ भाग तर इतका हळू आणि इतका मोकळा, की आपल्याकडच्या विलंबित ख्यालाची सवय असलेल्या कानाला तो लगेच घरचा वाटतो. शेवटच्या काही सेकंदांत मात्र तो इतका सुसाट सुटतो की ऑर्केस्ट्रा अक्षरशः मागे राहतो. स्टुडिओत हे कुणीही पुन्हा वाजवून घेतलं असतं.

ही रेकॉर्ड त्याच्या मृत्यूनंतर, १९५५ मध्ये, बाजारात आली. लोकांना वाटलं ही त्या रात्रीची अस्सल मैफल. मग २००७ मध्ये बव्हेरियन रेडिओची टेप बाहेर आली, ती वेगळीच निघाली! म्हणजे आधीच्या रेकॉर्डमध्ये तालमीतले तुकडे जोडलेले होते. पन्नास वर्षं लोक ज्या ‘क्षणा’वर जीव टाकत होते तो कात्रीनं केलेला.

ही मैफल ७४ मिनिटांची. सीडीत ७४ मिनिटं मावावीत असं का ठरलं, याची एक दंतकथा आहे, की सोनीच्या नोरिओ ओगांनी आग्रह धरला, नववी सिम्फनी एका सीडीत बसली पाहिजे, आणि सगळ्यात लांब म्हणून हीच रेकॉर्ड मापाला घेतली. फिलिप्सचे इंजिनियर केस इमिंक हे मान्य करत नाहीत. त्यांच्या म्हणण्यानुसार आकार दोन कंपन्यांच्या रस्सीखेचीत ठरला. मलाही इमिंकच खरे वाटतात, पण गोष्ट सांगायला मजा येते.

टेपांचा त्याला फायदा शेवटीही झाला. जून १९५२ मध्ये लंडनमध्ये ‘ट्रिस्टान आणि इझोल्ड’ हा चार तासांचा ऑपेरा टेपवर रेकॉर्ड झाला. नायिका किर्स्टन फ्लागस्टाट, वय ५६. दुसऱ्या अंकातले दोन अतिउंच सूर तिच्या जागी एलिझाबेथ श्वार्त्सकोफनं गायले. बाहेर फुटल्यावर मोठा बोभाटा झाला होता! १९५३ मध्ये बर्लिनच्या एका चर्चमध्ये शूमानची चौथी झाली. सांगतात, की तुकडे करायच्या आग्रहाला वैतागून त्यानं सगळी एका दमात वाजवून टाकली. ऐकताना ते खरं वाटतं. तोवर त्याला कमी ऐकू यायला लागलं होतं. ३० नोव्हेंबर १९५४ ला बाडेन-बाडेनजवळ न्यूमोनियानं तो गेला.

आणि युद्धातल्या त्या टेपा? १९४५ मध्ये लाल सेनेनं बर्लिनचं रेडिओ भवन ताब्यात घेतलं आणि शेकडो टेपा मॉस्कोला गेल्या. साठच्या दशकापासून सोव्हिएत कंपनी मेलोदिया त्यांच्या स्वस्त एलपी काढू लागली आणि पश्चिमेकडचे वेडे त्या मिळेल त्या वाटेनं मागवू लागले. १९८७ मध्ये वीसेक टेपा बर्लिनला परत आल्या, १९९१ मध्ये आणखी. २०१८ मध्ये बर्लिन फिलहार्मोनिकनं स्वतःच १९३९ ते १९४५ ची रेडिओ रेकॉर्डिंग्ज २२ डिस्कच्या संचात काढली. आपल्या इतिहासाचं ते पान ऑर्केस्ट्रानं स्वतः उघडायला एवढी वर्षं लागली.

आता हुबरमान. नकार देऊन तो गप्प बसला नाही. युरोपातल्या ऑर्केस्ट्रांतून हाकललेल्या ज्यू वादकांना गोळा करून त्यानं पॅलेस्टाइन ऑर्केस्ट्रा उभा केला. कितीतरी घरांना त्यामुळे युरोपबाहेर पडायचा परवाना मिळाला. २६ डिसेंबर १९३६ ला तेल अवीवमध्ये पहिली मैफल झाली, कंडक्टर होता टोस्कानिनी. तोच पुढे इस्राएल फिलहार्मोनिक, ज्याची धुरा आपल्या मुंबईच्या झुबिन मेहतांनी २०१९ पर्यंत अनेक दशकं वाहिली. मेहता १९५४ मध्ये शिकायला व्हिएन्नात पोचले, म्हणजे फुर्टवेंग्लरच्या शेवटच्या महिन्यांत. त्याच उन्हाळ्यात साल्झबुर्गला फुर्टवेंग्लरनं अकरा वर्षांच्या एका मुलाचं पियानोवादन ऐकलं आणि बर्लिनला ये म्हणाला. मुलाच्या वडिलांनी नम्रपणे नाही म्हटलं. ज्यू कुटुंबानं जर्मनीत जायला नऊ वर्षं फार थोडी होती. तो मुलगा डॅनिएल बारेनबॉइम. त्यानं आयुष्यभर फुर्टवेंग्लरला आदर्श मानलं. १९९० मध्ये बर्लिन फिलहार्मोनिक पहिल्यांदा इस्राएलला गेला तो बारेनबॉइमबरोबर, आणि त्याच दौऱ्यात झुबिन मेहतांच्या हाताखाली दोन्ही ऑर्केस्ट्रांनी एकत्र बसून वाजवलं.

लिंक पाठवणाऱ्या मैत्रिणीला मी हे सगळं सांगितलं तर ती म्हणाली, ‘तू माझं गाणं नासवलंस.’ दोन दिवस बोलली नाही. मी अजूनही मार्चची ऐकते, पण कामं करताना लावत नाही. एप्रिलची पूर्ण ऐकायला मला अजून जमलेलं नाही, मधेच बंद करते. आवाज फारसा वेगळा नाहीये, हीच तर पंचाईत. समोर कोण बसलंय हे वादकांच्या हातातून ऐकू येईल अशी माझी भाबडी अपेक्षा होती. येत नाही.

ऐकायचंच असेल तर माझा क्रम असा : आधी १९५३ ची शूमान चौथी, अर्धाच तास आहे, कान तयार होतो. मग १९५१ ची नववी, रात्री, निवांत. मग मार्च १९४२, पहिला भाग, फोनचा आवाज थोडा कमी ठेवून. आणि जानेवारी १९४५ चा ब्राम्स एकटे असताना लावू नका. तुम्हाला काय वाटलं ते नेहमीच्या पत्त्यावर व्हॉइस नोट करून पाठवा. दोन मिनिटांच्या आत, प्लीज, मागच्या वेळी एकानं एकोणीस मिनिटांची पाठवली होती. पुढच्या भागात शिमोन गोल्डबर्ग, बर्लिन सोडल्यावर त्याचं काय झालं ते. जावाच्या बेटावरच्या जपानी कैदखान्यापर्यंत जाते ती गोष्ट. भेटू.